व्हेरिनच्या बायकोचं काय करायचं?

तेरा माणसांच्या सह्या असलेला एक करार आहे, 1637 सालचा, सगळा मिळून जेमतेम एक वाक्य. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स नावाच्या गावात झालेला, जे गाव धर्मावरून हाकलून दिलेल्या एका पाद्र्याने वसवलं होतं, आणि तरी त्या मजकुरात देव कुठेच नाही. येशू नाही, बायबल नाही, इंग्लंडचा राजासुद्धा नाही. गावाच्या नावात देवाची कृपा आहे तेवढीच. खाली सह्या करणारे आम्ही या गावात राहू इच्छितो आणि कुटुंबप्रमुखांच्या बहुमताने गावाच्या भल्यासाठी जे काही नियम ठरतील ते पाळायचं वचन देतो, असा साधारण मजकूर, आणि अगदी शेवटी, जाता जाता जोडल्यासारखं, "फक्त नागरी बाबतींत". संपलं.

मला हे असले वसाहती स्थापनेचे जुने करार वाचायचा नाद आहे, का ते विचारू नका, पण ते एकापाठोपाठ एक वाचले की प्रॉव्हिडन्सचा कागद किती वेगळा आहे ते कळतं. मेफ्लॉवर जहाजावरचा 1620 चा करार सगळ्यांना माहीत असतो, 41 पुरुषांच्या सह्या, आणि सुरुवातच देवाच्या नावाने, मग राजाशी निष्ठा, मग बाकीचं. बॉस्टनवाल्या मॅसॅच्युसेट्स बे कॉलनीने 1631 मध्येच ठरवून टाकलं की चर्चचा सभासद नसेल त्याला मत नाही. 1638 मध्ये प्रॉव्हिडन्सच्या जवळच एका बेटावर पोर्ट्समथ वसलं, ते वसवणारेही बॉस्टनला नकोसे झालेलेच, अ‍ॅन हचिन्सन (बॉस्टनच्या पाद्र्यांना उघड आव्हान देणारी बाई) हिच्या गटातले, पण त्यांचा करार वाचा, राजांचा राजा येशू ख्रिस्त याला आम्ही तन-मन-धन अर्पण करतो वगैरे. न्यू हेवनवाले 1639 मध्ये एका कोठारात जमले आणि तिथेही तेच, कारभार चर्चवाल्यांच्याच हातात. म्हणजे जाचाला कंटाळून पळालेल्या लोकांना जरा मोकळी जमीन मिळाली की पहिलं काम काय, तर आपला देव कागदावर पक्का करून घ्यायचा, म्हणजे पुढच्याला जाच करायची सोय झाली.

प्रॉव्हिडन्सने हे का केलं नाही याचं उत्तर म्हणून सगळे रॉजर विल्यम्सकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरही आहे, पण माणूस सोपा नव्हता. लंडनचा, केंब्रिजमध्ये शिकलेला, तरुणपणी एडवर्ड कोक या बड्या न्यायाधीशाच्या हाताखाली लघुलेखन करायचा. 1631 मध्ये बायको मेरीला घेऊन बॉस्टनला उतरला आणि आल्या आल्या तिथल्या चर्चने देऊ केलेली जागा नाकारली, कारण काय, तर तुम्ही इंग्लंडच्या चर्चपासून पुरेसे वेगळे झालेले नाही! मग त्याच कॉलनीतलं सेलम, मग मेफ्लॉवरवाल्यांची वसाहत प्लिमथ, परत सेलम. जाईल तिथे काहीतरी बोलणार. राजाने दिलेल्या सनदेला काही अर्थ नाही कारण जमीन इथल्या मूळ लोकांची आहे. देवाविषयीच्या आज्ञा मोडल्या म्हणून सरकारने कुणाला शिक्षा करू नये. खरी श्रद्धा नसलेल्या माणसाला देवाची शपथ घ्यायला लावू नये. आज वाचून आपण त्याला पुरोगामी वगैरे म्हणतो, पण त्याचं मूळ कारण उलटं होतं, त्याला धर्म इतका शुद्ध हवा होता की सरकारचा हात लागला तरी तो विटाळेल असं त्याला वाटायचं.

ऑक्टोबर 1635 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाने त्याला हद्दपार केलं. थंडीपुरती सवलत दिली, एकच अट, तोंड बंद ठेवायचं. त्याने घरात सभा घेणं चालूच ठेवलं. जानेवारीत त्याला पकडून इंग्लंडच्या जहाजात बसवायला माणसं गेली तर हा तीन दिवस आधीच निसटलेला, भर बर्फात. तिथल्या मूळ रहिवासी वॉम्पनोग लोकांनी आसरा दिला म्हणून जगला. आधी सीकाँक नदीच्या अलीकडे पेरणी केली, तर प्लिमथहून निरोप आला की बाबा ही जागा आमच्या हद्दीत येते, बॉस्टनशी भांडण नको, जरा नदीपलीकडे सरक. सरकला. 1636 मध्ये नॅरगॅन्सेट लोकांचे प्रमुख कॅनॉनिकस आणि मिआंटोनोमी यांनी जागा दिली, पुढे त्याचा लेखी कागद झाला तेव्हा एकाने सहीऐवजी धनुष्य काढलं आणि दुसऱ्याने बाण. कितीही हजार दिले असते तरी पैशाने ही जमीन मिळाली नसती, माझ्यावरच्या लोभाने मिळाली, असं विल्यम्सने नंतर लिहिलंय, आणि त्यात तथ्य असावं कारण तो त्यांची भाषा शिकलेला होता.

आता खरी मजा. गाव तर वसलं, पण कायद्याने बघायला गेलं तर तिथे काहीच नव्हतं. सनद नाही, गव्हर्नर नाही, कोर्ट नाही. आणि 1636 मध्येच विल्यम्सने सल्ल्यासाठी पत्र कुणाला लिहिलं, तर जॉन विंथ्रॉपला. म्हणजे ज्या कॉलनीने हाकललं तिच्याच सगळ्यात वजनदार माणसाला! दोघांचं वैयक्तिक बरं होतं, नॅरगॅन्सेट खाडीकडे जा असं त्याला गुपचूप कळवणारा विंथ्रॉपच होता असं विल्यम्सनेच पुढे सांगितलंय. पत्रात तो लिहितो की आम्ही घरवाले लोक पंधरवड्याला एकदा भेटतो, राखण, पेरणी, शांतता असं सगळं एकमेकांच्या संमतीने ठरवतो आणि पटापट निकालात काढतो. पण हल्ली काही तरुण, एकटे, लग्न न झालेले लोक राहायला आलेत, त्यांची आम्हाला गरजही आहे, येताना ते म्हणाले होते की तुम्ही ठरवाल ते पाळू, आणि आता त्यांना मत पाहिजे, बरोबरी पाहिजे.

हे वाचून मी मोठ्याने हसलो होतो. आपल्याकडे सोसायटीच्या जनरल बॉडी मीटिंगला भाड्याने राहणारी बॅचलर पोरं येऊन आम्हालाही मत द्या म्हणाली तर चेअरमनचा चेहरा जसा होईल ना, अगदी तसं ते पत्र आहे. अंतरात्म्याच्या स्वातंत्र्याचा जगातला एवढा मोठा कैवारी, आणि त्याला टेन्शन कसलं तर या पोरांना कसं आवरायचं. त्याने विंथ्रॉपला दोन मसुदे पाठवले, एक घरवाल्यांसाठी, एक या तरुणांसाठी. शिवाय एक खासगी शंका, जमीन तर मी मिळवली, तर माझ्या मनाविरुद्ध कुणाला गावात घेऊ नका असं मी शेजाऱ्यांना म्हणू शकतो का? बघा, मालकीची भावना कुणाला सुटत नाही.

घरवाल्यांच्या मसुद्यात देवही आहे, राजाही आहे, मतभेदामुळे मॅसॅच्युसेट्स सोडावं लागलं हेही आहे. नंतर तेरा जणांनी ज्यावर सह्या केल्या त्या कागदातून हे सगळं गळलं आणि शेवटचं "फक्त नागरी बाबतींत" एवढं आलं. ते नेमकं कुणी घातलं याची नोंद नाही. विल्यम्सची स्वतःची त्यावर सही नाही, हा मुख्यतः नंतर आलेल्यांचा करार. काहींनी सहीच्या जागी नुसती खूण केलीये. पहिलं नाव रिचर्ड स्कॉट. मधे चॅड ब्राऊन, ज्याच्या घराण्याच्या नावाने आजची ब्राऊन युनिव्हर्सिटी आहे. बेनेडिक्ट अर्नोल्डही आहे, पण तो पुढे जवळपास दीडशे वर्षांनी अमेरिकेशी गद्दारी करणारा जनरल नव्हे, त्याचा पूर्वज. या अर्नोल्डच्या बापाला लक्षात ठेवा, विल्यम अर्नोल्ड. तो पुढे येतोय.

कागदावर रेघ मारणं सोपं असतं. इकडे नागरी, तिकडे धर्म. पण ती रेघ जमिनीवर नेमकी कुठून जाते हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते वर्षभरात कळायची वेळ आली, तीही विल्यम्सच्या शेजारच्याच घरात.

जॉशुआ व्हेरिन. सेलमचा माणूस, पहिल्यांदा आलेल्या सहा जणांतला एक, प्लॉट विल्यम्सच्या प्लॉटला लागून. मी त्या जागी गेलोय, आता तिथे छोटंसं नॅशनल मेमोरियल आहे, नॉर्थ मेन स्ट्रीटवर, गाव ज्या झऱ्याभोवती वसलं तो झरा जिथे होता तिथे खूण केलीये, समोर विधानभवनाचा पांढरा घुमट दिसतो, मागे टेकडी चढत जाते. दोन घरं एकमेकांना इतकी लागून म्हटल्यावर एका घरातलं भांडण दुसऱ्या घरात ऐकू येतच असणार. विल्यम्सच्या घरी प्रार्थना आणि प्रवचनं व्हायची. व्हेरिन जायचा नाही. वर्षभर गेला नाही, आणि विल्यम्स लिहितो की त्याबद्दल आम्ही त्याला कसलाही त्रास दिला नाही. इथपर्यंत सगळं कराराला धरून. पण व्हेरिनची बायको जेन, ती जायची. नवऱ्याला ते नको होतं, त्याने अडवलं, ती ऐकेना, मग त्याने मारलं. नुसतं हात उगारणं नव्हे, जिवावर बेतेल असं मारलं, पायाखाली तुडवलं असं विल्यम्सच्या पत्रात आहे. आम्ही आणि तिने खूप दिवस सहन केलं, असंही तिथेच आहे. "आम्ही"ने काय सहन केलं हा प्रश्न मला दर वेळी पडतो, असो.

मे 1638 मध्ये गावाची सभा बसली. या सभेचं वर्णन विंथ्रॉपने त्याच्या डायरीत केलंय, आता तो विरोधी पार्टीचा, प्रॉव्हिडन्समध्ये कसा गोंधळ माजलाय हे लिहिताना त्याला बरं वाटत असणार, तेव्हा थोडं मीठ-मसाला धरून चाला. पण जे आहे ते भारी आहे. विषय असा की व्हेरिनला शिक्षा करायची का. विल्यम अर्नोल्ड उठला. म्हणाला, मी जेव्हा अंतरात्म्याच्या स्वातंत्र्याच्या त्या नियमाला हो म्हणालो तेव्हा बायकांनी नवऱ्याच्या आज्ञेत राहावं हा देवाचा नियम मोडायला हो म्हणालो नव्हतो. ग्रीन नावाच्या गृहस्थाने उलट उत्तर दिलं, आपण बायकांना असं अडवायला लागलो तर देशातल्या सगळ्या बायका आपल्या नावाने ओरडतील. त्यावर अर्नोल्ड, अरे, माणसांना खूश ठेवण्यासाठी देवाला दुखवायचं नाही म्हणून तुम्ही मॅसॅच्युसेट्स सोडलंत ना, आणि आता बायकांना खूश करायला देवाची आज्ञा मोडता? टोमणा म्हणून मानलं पाहिजे. विंथ्रॉपनेही त्याला हुशार माणूस म्हटलंय.

पण अर्नोल्डचा खरा डाव पुढे होता. तो म्हणाला, व्हेरिनने जे केलं ते त्याच्या अंतरात्म्याला स्मरून केलं. बायको आपल्या आज्ञेत असावी ही त्याची श्रद्धा आहे. आणि अंतरात्म्यासाठी कुणाला शिक्षा करायची नाही हा तर आपलाच नियम!

मी इथे दर वेळी अडकतो. कारण तर्क म्हणून तो चुकीचा आहे असं पटकन म्हणता येत नाही. कागदात कुठेच लिहिलं नव्हतं की अंतरात्मा कुणाकुणाला असतो. कुटुंबप्रमुख मतदान करणार, म्हणजे घराचा आवाज एकच, घरातली बाकीची माणसं त्या एका मतात धरलेली. मग घराच्या आत दोन अंतरात्मे एकमेकांसमोर उभे राहिले तर? करार करणाऱ्यांना हे सुचलंच नव्हतं, कशाला सुचेल, ते सगळे पुरुष होते आणि त्यांच्या डोक्यात भांडण म्हणजे माणूस विरुद्ध सरकार.

21 मे 1638 ला निकाल झाला आणि तो गावाच्या दप्तरात आहे. जॉशुआ व्हेरिनने अंतरात्म्याच्या स्वातंत्र्याला आडकाठी करून कराराचा भंग केला, सबब तो आपलं म्हणणं बदलेपर्यंत त्याचा मताचा अधिकार काढून घेण्यात येत आहे. सतराव्या शतकात, जिथे इतरत्र अ‍ॅन हचिन्सनसारख्या बाईला त्याच वर्षी बॉस्टन बाहेर काढत होतं, तिथे तीस-चाळीस घरंही नसलेल्या या वस्तीत पुरुषांच्या बहुमताने ठरवलं की बाईला तिच्या नवऱ्यापासून वेगळा असा अंतरात्मा असतो. मला हे त्या तेरा सह्यांपेक्षा मोठं वाटतं, खरं सांगायचं तर कराराचा जन्म मी या दिवशी झाला असं धरतो.

आणि त्याच निकालात काय नाहीये ते पण बघा. मारहाण नाहीये. त्या ओळीत मारहाणीचा शब्द नाही. बायकोला तुडवणं ही "नागरी बाब" आहे असं कुणी म्हटल्याची नोंद नाही, जी बाब खरं तर त्यांच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणे सरळ गावाच्या अखत्यारीत आली असती. तिचा आत्मा वाचवला, अंगाबद्दल काही ठरलं नाही. बरं, सभेत ती होती का, तिला कुणी काही विचारलं का, तिचं एकही वाक्य कुठे उरलेलं नाही. विंथ्रॉप तर असंही लिहितो की काही जण म्हणत होते, नवरा तिला मोकळीक देत नसेल तर चर्चने तिला दुसऱ्या, बऱ्या वागणाऱ्या माणसाकडे सोपवावं. सोपवावं! म्हणजे तिच्या बाजूने बोलणारेसुद्धा असं बोलत होते.

व्हेरिन चिडून सेलमला परत गेला, जाताना बायकोला घेऊन, दोरीने ओढत नेतो म्हणतोय असं विल्यम्स लिहितो. आणि पुढे सेलमच्या कोर्टात जेनच्या नावावर तक्रार काय, तर चर्चला गैरहजर राहते. एका गावात प्रार्थनेला गेली म्हणून मार, दुसऱ्या गावात गेली नाही म्हणून कोर्ट. तिच्याबद्दल मला याहून जास्त माहिती मिळाली असती तर हा लेख तिच्यावरच लिहिला असता.

अर्नोल्डचं काय झालं? 1642 मध्ये तो आणि प्रॉव्हिडन्सलगतच्या पॉटक्सेटचे त्याचे शेजारी जाऊन मॅसॅच्युसेट्सच्या छत्राखाली उभे राहिले, जमिनीची भांडणं होती, पण बरीच वर्षं प्रॉव्हिडन्सच्या कुशीत हा बॉस्टनचा तुकडा टोचत राहिला. उलट पहिली सही करणारा रिचर्ड स्कॉट पुढे क्वेकर (पाद्री न मानणारा एक ख्रिस्ती पंथ) झाला. त्याची बायको कॅथरिन, ही अ‍ॅन हचिन्सनची सख्खी बहीण, 1658 मध्ये बॉस्टनला गेली, तिथे क्वेकरांचे कान कापले जात होते त्याचा निषेध करायला, आणि तिला चाबकाचे फटके बसले. तिला कुणी घरी अडवलं नव्हतं एवढं नक्की.

रेघेचा प्रश्न सुटला नाहीच. 1655 च्या सुमाराला गावात काही लोक म्हणायला लागले की शस्त्र उचलणं आमच्या अंतरात्म्याला पटत नाही, कुणी म्हणे कुठलंच सरकार नको. तेव्हा विल्यम्सने गावाला ते जहाजाचं प्रसिद्ध पत्र लिहिलं. एकाच जहाजात कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू, तुर्क बसलेत, कुणाला जहाजावरच्या प्रार्थनेला यायची सक्ती नाही आणि कुणाला स्वतःच्या प्रार्थनेपासून अडवायचं नाही. पण जहाज कुठे न्यायचं हे कप्तान ठरवणार, भाडं सगळ्यांनी भरायचं, बंड केलं तर शिक्षा होणार. फार सुंदर पत्र आहे, पण मला त्यात कायम एक जाणवतं की जहाजावर सगळे प्रवासी सुटे सुटे आहेत. कुणी कुणाची बायको नाही, कुणी कुणाचं मूल नाही, कुणी कुणाचा नोकर नाही. सतरा वर्षांपूर्वी शेजारच्या घरातून जे ऐकलं होतं ते त्या जहाजावर चढलंच नाही.

आणि ज्यांनी जमीन दिली ते तर कुठल्याच करारात सही करणाऱ्यांत नव्हते. 1676 च्या मार्चमध्ये, वसाहतवाले आणि मूळ लोक यांच्यातल्या युद्धात, नॅरगॅन्सेट आणि त्यांच्या साथीदारांनी प्रॉव्हिडन्स जाळलं, विल्यम्सचं घरही जळालं. त्याच वर्षी गावाने पकडलेल्या मूळ रहिवाशांना ठरावीक वर्षांच्या गुलामीत विकलं, आणि ते ठरवणाऱ्या समितीत म्हातारा विल्यम्स होता. यावर काही लिहायला गेलं की एकतर त्याला माफ करावं लागतं नाहीतर सगळंच खोटं म्हणावं लागतं, मला दोन्ही नको वाटतं, पण हे वगळून त्याचं कौतुक करणाऱ्यांचा राग येतो. मॅसॅच्युसेट्सने त्याची हद्दपारी रद्द केली 1936 मध्ये, तीनशे वर्षांनी, त्याला तोवर पुतळे वगैरे मिळून झाले होते.

व्हेरिन मात्र अजून बाकी आहे. नोव्हेंबर 1650 मध्ये त्याने सेलमहून प्रॉव्हिडन्सच्या गावकऱ्यांना पत्र पाठवलं. माझी जमीन हा माझा कायदेशीर हक्क आहे, मी निघून आलो म्हणून तो जात नाही, मी चौकशी केलीये, कायद्याने ती परत मिळते. आठवतंय ना, पहिले आलेलो आपण सहा जण, घराचे प्लॉट, कुरणं आधी आपल्याला असं ठरलं होतं. माझ्या संमतीशिवाय माझा वाटा दुसऱ्याला देणं कायद्याला, न्यायाला धरून नाही. मुद्दा तसा बरोबर आहे, जमीन ही नागरी बाब, त्याचं मत काढून घेतलं होतं, प्लॉट नव्हे. आणि पुढे तो लिहितो, इथल्या मूळ लोकांशी आपण वागलो त्याहून वाईट माझ्याशी वागू नका, त्यांच्याकडून जमीन घेताना आपण अंतरात्म्याला स्मरून विकत घेतली होती. जेनचा त्या पत्रात उल्लेख नाही.